सुखदेवभाऊ आणि बेगमचा पाय

आमच्या वऱ्हाडात 'तुम्ही' हा शब्द फारसा खपत नाही. आम्ही देवाला तू म्हणतो, बापाला तू म्हणतो, मुलगी पाहायला गेलो की होणाऱ्या सासऱ्यालाही सवयीनं तू म्हणून जातो, आणि सोयरीक तरीही जुळते. पुण्याकडून बदलून आलेल्या साहेबाला पहिल्याच दिवशी शिपाई विचारतो, "साहेब, चाय घेतं का?" साहेब आठवडाभर तोंड फुगवून बसतो, मग त्यालाही त्यातली माया कळते.

या बाबतीत आमच्या गल्लीतला सुखदेवभाऊ तायडे म्हणजे सगळ्यांच्या वरचढ. नगरसेवक आला, "ये, बस, बम दिवसानं दिसला." ठाणेदार आला, "तू जराशिक बाजूले हो, घोडीले वारा लागू दे." पण या जगात एक जीव असा आहे की त्याच्यापुढे सुखदेवभाऊची जीभ आपोआप नरम होते. तो जीव म्हणजे त्याची घोडी, बेगम.

"बेगम, तुमी पानी घेता का?"

"बेगम, जराशा सरका न. झाडू मारू द्या."

"आज तुमाले बरं नाही वाटून राहिलं का? चना तसाच ठेवला तुमी."

भिंतीपलीकडून हे ऐकून गॅसचा नवा पोऱ्या एकदा म्हणाला, "काका, काकूंना बोलवा, सही लागते." भाऊ म्हणाला, "काकू नाहीत. ह्या बेगम आहेत. ह्या सही करत नाहीत."

मी गजानन. माझं फुलांचं दुकान अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या अंगाला. दुकानामागं घर, आणि घराची मागची भिंत तीच भाऊच्या तबेल्याची भिंत. माझे हार आणि त्याची घोडी, दोघांची गाठ लग्नाच्या मांडवात वर्षानुवर्षं पडत आली आहे. त्यामुळे मी त्याला एकदा सरळ विचारलं, "भाऊ, मले तू म्हनतं, ठाणेदाराले तू म्हनतं, मंग घोडीलेच तुमी काहून?"

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी दोन आणि दोन किती असं विचारलं. "गजू, ज्याच्यावर बसून कोनताही पोट्टा एका दिवसापुरता राजा होते, त्याले तू म्हनू? आन राजा होनाऱ्याले तुमी म्हनू? तुह्या डोक्यात फुलं भरली का?"

राजा होणाऱ्याची तर तो पार परीक्षाच घ्यायचा. नवरदेव सजून-धजून आला, करवल्या टाळ्या पिटायला लागल्या, की भाऊ हात आडवा करी. "थांब. आधी वळख दे." नवरदेवानं बेगमसमोर उभं राहून आपलं नाव, गाव आणि शिक्षण सांगायचं, हा त्याचा दंडक. त्याशिवाय रिकिबीत पाय नाही. खर्रा तोंडात असेल तर आधी चूळ भरायची. टोकदार मोजडी असेल तर काढून हातात घ्यायची. लोक हसत, पण ऐकत. कारण अकोल्यात बेगमसारखी पांढरीशुभ्र आणि ठेक्यावर नाचणारी घोडी दुसरी नव्हती.

एकदा मूर्तिजापूरकडचा एक नवरदेव ऐटीत म्हणाला, "नाव प्रशांत, गाव अमुक, शिक्षण इंजिनियर." बेगम नेमकी त्याच क्षणी जोरात फुरफुरली. भाऊ गंभीरपणे म्हणाला, "त्यायले पटून नाही राहिलं." झालं! पोरगा घामाघूम झाला आणि सगळ्या वऱ्हाडासमोर बोलून गेला की दोन विषय अजून निघायचे आहेत. मुलीचा मामा शेजारीच उभा होता. लग्न लागलं, पण मामा जेवणाच्या पंगतीपर्यंत त्या दोन विषयांची चौकशी करत होता.

असा हा आमचा सुखदेवभाऊ. अंगानं काटकुळा, मिशा भरघोस, वय साठीच्या पुढं. वरातीत पांढरा इस्त्रीचा सदरा घालणार, आणि घोडीच्या डाव्या खांद्याशी, एक पाऊल पुढं, लगाम धरून चालणार. नजर कायम जमिनीवर, बेगमच्या पुढच्या पावलावर. नवरदेव कसा दिसत होता हे त्याला दुसऱ्या दिवशी विचारलं तर सांगता येत नसे. रस्ता कसा होता हे मात्र गल्लीगल्लीनं सांगे.

आणि तरीही दोन वर्षांपूर्वीच्या माघात रस्त्यानंच त्याचा घात केला.

लग्न अमरावतीचं होतं. घोडी टेंपोतून न्यायची होती, हारही माझेच होते, म्हणून मीही त्याच टेंपोत बसलो. बडनेरा रोडच्या बाजूला वरात निघाली. डीजेची गाडी पुढं, त्यामागं बेभान नाचणारे मित्र, त्यामागं बेगम. भाऊनं नवरदेवाची रीतसर ओळख करून घेतली होती. पण नवरदेवाच्या मित्राची घेतली नव्हती. हा चांगला गलेलठ्ठ गडी हातात मोबाइल घेऊन, काय सुचलं कोण जाणे, कुणाच्या तरी खांद्यावर पाय देऊन नवरदेवाच्या मागं घोडीवर चढला. सेल्फी! वर दोघं, खाली ठेका, आणि ठेक्यावर बेगम पुढचे दोन्ही पाय उचलून नाचतेय. तिचा डावा पाय उतरला तो केबलसाठी खोदून वरवर माती लोटलेल्या चरीत.

बेगम पडली नाही. नुसती थबकली आणि तो पाय टोकावर टेकवून उभी राहिली. भाऊचा चेहरा मी त्या वेळी पाहिला. हारातल्या निशिगंधासारखा पांढरा पडला होता.

त्यानं आधी मित्राला ओढून खाली काढलं, मग नवरदेवाला, दोघांनाही लहान मुलं उतरवावीत तसं काखेत हात घालून. एवढं बळ त्या काडीच्या अंगात कुठून आलं देव जाणे. नवरदेवाचा बाप धावत आला. "अबे, अर्ध्या वरातीतून घोडी काढतं? अपशकून करतं?"

"नवरदेवाले दोन पाय आहेत, दोनी धड आहेत," भाऊ म्हणाला. "मांडव समोर दिसून राहिला. पायी गेला तं भूक चांगली लागन."

परतीच्या वाटेवर भाऊ टेंपोत पुढं ड्रायव्हरपाशी बसलाच नाही. मागं बेगमच्या पायाशी उकिडवा. पाय बघता बघता सुजला, हात लावला तर गरम लागे. माझ्याकडे थर्माकोलच्या पेटीत बर्फावर ठेवलेले गुलाब होते, दुसऱ्या दिवशीच्या गिऱ्हाइकाचे. भाऊनं विचारलं नाही, की मागितलं नाही. पेटी उपडी केली, गुलाब माझ्या मांडीवर टाकले आणि बर्फ आपल्या धुतलेल्या सदऱ्यात बांधून बेगमच्या पायाला लावला. मूर्तिजापूर येईपर्यंत मी गुलाब कवटाळून बसलो होतो आणि तो पाय.

"भाऊ, फुलं मरन न माही," मी कुरकुरलो.

"फुलं उद्या मरनारच होते," तो म्हणाला. धंद्याचं खरं तेच होतं.

दुसऱ्या दिवशी जनावरांच्या दवाखान्यातली डॉक्टर आली. डॉक्टर पल्लवी, वयानं तिशीची, बोलायला खणखणीत, मूळची अमरावतीची. भाऊनं गाव ऐकलं आणि म्हणाला, "म्हंजे तुह्याच गावानं पाय मोडला. आता तूच नीट कर."

ती हसली नाही. खाली बसून तिनं बेगमच्या पायाच्या मागची, गुडघ्याखालून खुराकडे उतरणारी दोरीसारखी नस बोटांनी चाचपली. मग आम्हाला समजावून सांगितलं. हाड शाबूत होतं, पण ही नस, डॉक्टर लोक जिला टेंडन म्हणतात, ती मधे थोडी फाटली होती. भरून येईल. पण हाडासारखी पटकन नाही, महिने लागतील. आधी गार पाणी आणि बर्फ, मग पट्टी, पूर्ण आराम. नंतर हाताला धरून हळूहळू चालणं. "आणि काका, एकदाही उडी नको, नाच नको. जुळत आलेली नस पुन्हा फाटली, तर ही कायमची लंगडी होईल."

लंगड्या घोडीचं आपल्याकडे काय होतं, हे कुणी बोलून दाखवलं नाही. आठवड्यात एक दलाल मात्र दारात येऊन उभा राहिला. "भाऊ, तिचा काय उपेग आता? मले देऊन टाक." भाऊनं त्याला प्यायला पाणी दिलं आणि म्हणाला, "पानी पेलं? मंग जाय." घरात भाऊला दुसरं माणूस नव्हतं. बाप लवकर गेला, तीन बहिणी उजवता उजवता स्वतःचं राहून गेलं. पहिली घोडी बापाची, ती म्हातारी होऊन गेली. मग सारंगखेड्याच्या बाजारातून ही आणली. बेगम गेली असती तर त्या घरात भाऊला बोलायला कुणी उरलं नसतं, आणि जो माणूस दिवसभर बोलतो त्याचं अशानं काय होतं ते आम्हा सगळ्यांना दिसत होतं.

डॉक्टरचा शब्द म्हणजे भाऊला ब्रह्मवाक्य झालं. पट्टी अशी बांधायची तर अशीच. एकदा माझ्या बायकोनं, मंगलानं, कौतुकानं बेगमपुढे गुळाचा मोठा खडा धरला, तर भाऊ म्हणाला, "डॉक्टरले इचारलं का?" रोज सकाळी माझ्या दुकानात येणाऱ्या बर्फातला अर्धा बर्फ थेट भिंतीपलीकडे जायला लागला. मी फुलांवर ओलं गोणपाट टाकून दिवस काढले. डॉक्टर पट्टी बदलायला आली की भाऊ स्वतःच्या धोतराची घडी वर करून म्हणे, "माह्याही गुडघ्याले लावून दे न एक."

"काका, मी जनावरांची डॉक्टर आहे."

"मंग मी कोन आहे?"

यावर मात्र ती पहिल्यांदा खळखळून हसली, आणि खरंच उरलेली पट्टी तिनं त्याच्या गुडघ्याला बांधून दिली. पुढं आठ दिवस दोघं सारखीच पट्टी बांधून तबेल्यात उभे असायचे.

आता खरी अडचण सांगतो. आमची गल्ली म्हणजे मंगल कार्यालयाकडे जायचा जवळचा रस्ता. फाल्गुन लागला, लग्नं धडाक्यात सुरू झाली. आणि बेगमला तर लहानपणापासून एकच शिकवण: ढोल वाजला की नाचायचं. पहिली वरात कोपऱ्यावर वाजली मात्र, तबेल्यातून खुरांचा आवाज आला. आम्ही धावलो. बेगम दुखरा पाय उचलून ठेका धरायला निघाली होती आणि भाऊ तिच्या मानेला मिठी मारून ओरडत होता, "बेगम, तुमची सुट्टी आहे! तुमी सुट्टीवर आहा!"

अकोल्यात कापसाला काय तोटा. भाऊनं बेगमच्या कानांत सरकी काढून साफ केलेला कापूस घातला, वरून मंगलाचा जुना स्कार्फ बांधला. दुसरी वरात आली. कान बंद, तरी पाय सुरू! डीजेचा ठेका जमिनीतून तिच्या खुरांत शिरत होता. डॉक्टरनं येऊन पाय चाचपला, भाऊला खडसावलं. "काका, असं दोनदा आणखी झालं तर मी काही करू शकणार नाही."

दुसऱ्या दिवशी भाऊ पांढरा सदरा घालून कोपऱ्यावर उभा. वरात आली की दोन्ही हात वर. बँडमास्तर इस्माईलभाई त्याचा जुना जोडीदार, किती वरातींत दोघं पुढं-मागं चालले त्याचा हिशेब नाही. क्लॅरिनेट तोंडातून काढून इस्माईलभाई म्हणाला, "क्या हुआ बे सुखदेव?"

"इस्माईल, इथून त्या शाळेपर्यंत मुका चाल."

"पागल हो गया? बँड चुप चला तो लोग समझेंगे कोई मर गया."

"वाजवला तं मरनच कोनी," भाऊ म्हणाला आणि त्याला हाताला धरून तबेल्यात घेऊन गेला. इस्माईलभाई बाहेर आला तो क्लॅरिनेट काखेत मारून. आपल्या माणसांना त्यानं नुसती भुवई उडवली. ढोल थांबला, ताशा थांबला.

आणि मंडळी, आमच्या गल्लीत पहिली मुकी वरात निघाली! नाचणाऱ्यांना कळेना की थांबावं की नाचावं. एक काका नागिणीच्या नाचात अर्धे जमिनीवर वाकले होते, डोक्यावर रुमालाचा फणा. ते तसेच डोलत डोलत, बिनाआवाजाचे, शाळेपर्यंत गेले. एरवी बँडच्या गोंगाटात बुडून जाणारं सगळं स्वच्छ ऐकू यायला लागलं. बायकांच्या पैंजणांचे आवाज, कुणाच्या तरी चपलेची करकर. नवरदेवाची आत्या आपली नेहमीसारखी बँडवर मात करण्याच्या आवाजात शेजारणीला सांगत होती, "पोरगी बरी आहे, पन पगार आपल्या पोराहून जास्त आहे वं!" अख्ख्या गल्लीनं ऐकलं. घोडीवरच्या पोरानं सेहरा तोंडावर ओढून घेतला.

ही बातमी अशी पसरली की लोक मुद्दाम आमच्या गल्लीतून वराती न्यायला लागले. "मुक्या गल्लीतून नेली का वरात?" असं विचारायची पद्धतच पडली. सगळे मात्र सरळ नव्हते. एका डीजेवाल्यानं ऐकायला साफ नकार दिला. ठेका आणखी वाढवत म्हणाला, "म्हातारबा, बाजूले हो, माह्या गाडीचा टाइम जाऊन राहिला."

भाऊ चिडला नाही. म्हणाला, "वाजव. फक्त एक कर. आत जा आन त्यायले तुह्या तोंडानं सांग, की मी तुमचा पाय तोडून राहिलो म्हनून. मंग वाजव." पोरगा तावातावानं आत गेला. बेगम स्कार्फ बांधून उभी, पायाला पट्टी, त्याच्याकडे पाहत. तो आत किती वेळ होता ते ठाऊक नाही. बाहेर आला आणि कुणाकडेही न पाहता बटण बंद केलं. पुढं तो गल्लीत शिरायच्या आधीच आवाज बंद करायचा, आणि कधीमधी खिशातून गाजर काढून भिंतीवरून टाकायचा.

पण चौदा एप्रिल जवळ आला तसा भाऊ अबोल झाला. भीमजयंतीची मिरवणूक आमच्याच गल्लीतून जाते. दर वर्षी सगळ्यांत पुढं पांढरीशुभ्र बेगम, आणि तिच्या खांद्याशी भाऊ. मी म्हटलं, "सांगून दे न कमिटीले. वराती थांबवल्या तुनं, मिरवणूक काय कठीन आहे?"

त्यानं हातातली पट्टी गुंडाळली. मग म्हणाला, "लग्न एकाचं असते गजू, त्याले मी थांब म्हनू शकतो. बाबासायबाच्या मिरवणुकीले थांब म्हननारा मी कोन? माही माय याच मिरवणुकीत नाचे. मी तोंड नाही उघडनार."

आणि त्यानं खरंच उघडलं नाही. संध्याकाळी पलीकडच्या पेठेत दणदणाट ऐकू यायला लागला तसा तो तबेल्यात शिरला. मी पण गेलो. त्यानं बेगमचं डोकं छातीशी धरलं, दोन्ही कान हातांनी झाकले, आणि बोलत सुटला. काय बोलत होता ते त्याचं त्यालाच ठाऊक नसावं, रस्त्यांची नावं, जुन्या लग्नांच्या गोष्टी, मध्येच "तुमी घाबरू नका." आवाज जवळ येत होता. बेगमची कातडी थरथरायला लागली. पट्टीतला पाय वर आला. भाऊनं डोळे मिटून घेतले.

आणि कोपऱ्यावर आवाज थांबला.

आम्ही बाहेर आलो. मिरवणूक गल्लीत शिरली होती, सगळी मुकी. पुढं पांढऱ्या लुगड्यांतल्या बायका, हातांत मेणबत्त्या. मागं निळे झेंडे, त्यामागं ती बंद पडलेली डीजेची गाडी पोरांनी हातानं ढकलत आणलेली. हजार माणसांच्या पावलांचा आवाज तेवढा. पुढच्या बाईनं, वस्तीतल्या शांताक्कानं, भाऊपाशी येऊन हलक्या आवाजात विचारलं, "कशा आहेत तुह्या बेगम?" शेवटचा माणूस जाईपर्यंत भाऊ दारात हात जोडून उभा होता, आणि गालावरून ओघळ मिशांत जात होते. माझेही डोळे ओले झाले, खोटं कशाला सांगू.

त्यानंतर पाय जो बरा व्हायला लागला तो लागलाच. सूज उतरली. मग चालणं सुरू झालं. सकाळ-संध्याकाळ भाऊ तिला गल्लीत फिरवी, डॉक्टरनं सांगितलं तेवढंच. त्यापायी गल्लीतले सगळे खड्डे आम्ही सगळ्यांनी मिळून बुजवले. ज्याच्या दारासमोर खड्डा त्याच्याशी भाऊ बोलणंच बंद करायचा, आणि भाऊचा अबोला कोणाला परवडतो? अर्धा पावसाळा गेला. पोळ्याला बैलांची रांग निघाली तेव्हा बेगम दारात उभी राहून, चारी पाय सरळ टेकवून बघत होती.

पोळ्यानंतर डॉक्टर पल्लवी आली. तिनं पाय दाबून पाहिला, चालवून पाहिला, आणि म्हणाली, "छान भरून आलंय. आता वजन देऊन पाहू. हलका माणूस बसवा, चालतच, त्या हातपंपापर्यंत नि परत. पाय गरम झाला नाही, तर ही पास."

हलका माणूस शोधायला सगळी गल्ली गोळा झाली. माझ्याकडे पाहून सगळे नुसते हसले. डॉक्टर भाऊकडे वळली. "काका, तुम्हीच बसा. तुमच्याइतकं हलकं इथं कोणी नाही."

"मी?" भाऊ दोन पावलं मागं सरकला. "मी लगाम धरनारा मानूस. मी कधी बसलो नाही."

"म्हणजे? एवढ्या वर्षांत एकदाही नाही?"

"घोडीवर बसाले लगन करा लागते न," तो म्हणाला, विनोद करावा तसा. आम्ही हसलो. मग एकेक करून सगळे हसायचे थांबलो.

मंगला दुकानात गेली. मला हाक आली. मी शेवंती काढली आणि जन्मात ओवला नाही असा भरगच्च हार ओवला. मंगलानं त्याला तबेल्यात ढकलून इस्त्रीचा सदरा घालायला लावला. इस्माईलभाई कुठून तरी येऊन उभा राहिला, क्लॅरिनेट काखेत. शांताक्का आली. भाऊ "काय खूळ लावलं तुमी लोकायनं" म्हणत राहिला, पण हार घालताना मान खाली केली त्यानंच.

बेगमला त्यानं आधी विचारलं. "बेगम, बसू का? जड वाटलं तं सांगा." मग आम्ही दोघांनी त्याला वर चढवलं आणि लगाम माझ्या हातात आला.

गल्लीतली सगळी दारं उघडली होती. बायका माझ्या दुकानातल्या पाकळ्या मुठीमुठीनं टाकत होत्या. वाजत काहीच नव्हतं. वरून भाऊ दटावत होता, "माह्याकडे काय पाहता! पाय पाहा त्यायचा, खाली पाहा!" कुणीही खाली पाहत नव्हतं. थोडं पुढं गेल्यावर तो जरा वाकून हळूच म्हणाला, "गजू, नवरदेव लोक इतके घाबरलेले काहून दिसते, ते मले आज समजलं."

"काहून?"

"सारे आपल्याकडंच पाहून राह्यते न बे."

मी वर पाहिलं. भाऊची मान ताठ होती. चेहऱ्यावर जे काही होतं ते मी एवढ्या लग्नांत एकाही नवरदेवाच्या चेहऱ्यावर पाहिलं नव्हतं.

हातपंप आला. मी घोडी वळवणार तोच तो म्हणाला, "बस. उतरव मले."

"अजून परतीचं बाकी आहे न. डॉक्टरनं सांगितलं परत पन यायचं म्हनून."

"आणा परत! आणा परत!" लोक ओरडायला लागले. इस्माईलभाईही म्हणाला, "बैठ ना सुखदेव, रोज थोडी बैठता है."

"पाय त्यायचा आहे," भाऊ म्हणाला आणि स्वतःच घसरत खाली उतरला. रस्त्यात गुडघे टेकून बसला, पट्टी सोडली आणि हाताच्या मागच्या बाजूनं त्या नसेवर वरून खालपर्यंत हात फिरवला. पुन्हा फिरवला. डॉक्टरनंही वाकून हात लावला आणि मान डोलावली.

"थंड आहे," भाऊ म्हणाला. "बेगम, तुमी बऱ्या झाल्या."

मग जो जल्लोष झाला तो विचारू नका. इस्माईलभाईला तर राहवेना. त्यानं क्लॅरिनेट तोंडाला लावलं आणि भाऊनं असे डोळे वटारले की पुन्हा काखेत मारलं. भाऊनं माझ्या हातातून लगाम घेतला, बेगमच्या डाव्या खांद्याशी आपल्या जागेवर उभा राहिला, आणि तिला पायी पायी घरी घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधी मी तबेल्यात डोकावलो. भाऊ लीद काढत होता. अंगात बनियन, हातात फावडं, गुडघ्याला ती जुनी पट्टी, आणि गळ्यात कालचा शेवंतीचा हार. पाकळ्या तपकिरी पडल्या होत्या, दोरा ढिला झाला होता. माझी चाहूल लागली तशी त्यानं पाठ फिरवली.

"भाऊ, हार काढला नाही अजून?"

"कायले काढू?" तो पाठमोराच म्हणाला. "ताजा आहे अजून."

जन्म गेला माझा फुलांत. रात्रीचं फूल सकाळी कोणी ताजं म्हणून खपवायला लागला, तर मी त्याला दुकानाची पायरी चढू देत नाही.

"हो भाऊ," मी म्हटलं. "एकदम ताजा आहे."